हात न टेकता

खुर्ची आमचीच असते.
बेचाळीस सेंटिमीटर उंच, बिनहातांची.
मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून मी ती बोटीतून हीउमा बेटावर नेते
आणि तेवीस घरांत तीच एक खुर्ची उतरवते.
वाक्यही ठरलेलं: हात छातीशी घ्या.
हात न टेकता उठा. बसा. पुन्हा उठा. पाच वेळा.
मी सेकंद मोजते.

वाइके ओयासार म्हणाली,
हात टेकायला मी काय एवढ्यात…
आणि वाक्य अर्धं सोडून उठली.
वय एक्क्याऐंशी. चौदा पूर्णांक दोन सेकंद.
मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं
तर विचारते, धार काढल्यासारखं दाबू?
तीस वर्षं सामूहिक गोठ्यात होती ती.
काटा असा काही सरकला
की मी यंत्र हलवून पाहिलं.

मनगटावर पट्टा बांधला. दोन आठवडे काढायचा नाही,
सौनात सोडून.

मग तार्तूला, पडद्यावर, तिचे दिवस आले.
रात्रीही आल्या.
रोज पावणेतीनला दोनशे बारा पावलं. थांबा.
पुन्हा दोनशे बारा.
आमच्या प्रणालीने त्यावर लाल ठिपका ठेवला:
रात्रीची भटकंती, धोका.
आणि नवव्या रात्री
एकशे तीस पावलं,
मग एकोणीस मिनिटं काहीच नाही,
मग ब्याऐंशी.

मी पुन्हा बोट पकडली.

मेंढी व्यायची होती, ती म्हणाली. पहिलटकरीण.
कुणीतरी बघायला नको?
आणि एकोणीस मिनिटं?
तिने लोणी लावायची ज्युनिपरची सुरी पुसली,
बराच वेळ पुसली.
विहिरीपाशी बर्फ होता. पडले.
चांदणं छान होतं, म्हणून बघत राहिले, असं लिही.
मार्गुसला कळवलंस
तर तो मला टॅलिनला नेईल, सातव्या मजल्यावर.
तिथे पडायलासुद्धा जागा नाही.

माझ्या फॉर्ममध्ये रकाना होता:
गेल्या वर्षात पडलात का? हो / नाही.
चांदण्याला रकाना नव्हता.
मी ‘हो’वर खूण केली. ते माझं काम.
मार्गुसला कळवणं तिचं,
असं ठरवायला मला मात्र एक कॉफी लागली, आणि दुसरी.

मग आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडव्या झालो.
वरून टेबलाची खालची बाजू दिसत होती,
तिथे कुणीतरी लहानपणी पेन्सिलीने मासा काढलेला.
आधी घाई नाही, मी म्हणाले. आधी श्वास.
कुठे दुखतंय ते बघायचं.
मग कुशीवर. मग कोपर. मग गुडघे.
आणि आता हात टेका.
टेकू?
टेकाच. इथे टेकायचेच असतात.
ती एवढं हसली की पुन्हा आडवी झाली.
तुम्ही लोक, म्हणाली,
खुर्चीवर एक शिकवता आणि जमिनीवर दुसरंच.

सहा वेळा उठलो. सातव्यांदा
ती एकटी उठली आणि मला हात दिला.
खिळ्यांचे तळवे बुटांना लावून मी दाराशी ठेवले.
मेंढीला जुळी झाली होती. एक काळं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पट्टा बांधला.
खुर्चीवर पंधरा पूर्णांक एक, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा हळूच.
सरासरीत ते तसंच जाईल.
पण अकराव्या रात्री, पावणेतीनला,
एकशे एकाहत्तर पावलं,
मग थांबा,
एक मिनिट दहा सेकंद,
मग एक्केचाळीस. गोठा.

ते मिनिट मी दोनदा मोजलं.
दिवे मालवले,
आणि खुर्चीवरून उठताना
टेबलावर दोन्ही हात टेकले.